१० रुपयांच्या भडंगाच्या पाकिटाचं काय करावं? ग्रॅम कमी करू की सरळ १२ रुपये करू?

भडंगवाली_जयसिंगपूर

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही. आमचा जयसिंगपुरात भडंगाचा छोटा कारखाना आहे, पप्पांनी आणि काकांनी २००१ ला घरामागच्या शेडमध्ये दोन कढयांवर सुरू केलेला. आता चार कढया, नऊ बायका, दोन गडी आणि एक छोटा हत्ती. मी पुण्यात नोकरी करत होते, दोन वर्षांपूर्वी परत आले, आता हिशोब आणि विक्री माझ्याकडे आणि माल पप्पांकडे असं वाटून घेतलंय.

आमची दोन मापं चालतात. १० रुपयांचं ४० ग्रॅमचं पाकीट, दुकानात लडी लटकते ते, आणि अर्धा किलोचं १२० रुपयांचं. निम्म्याहून जास्त गल्ला १० च्या पाकिटाचा. पप्पांची भाव काढायची पद्धत म्हणजे सगळा खर्च जोडायचा आणि वर रुपयाला दोन आणे धरायचे, बास. पंचवीस वर्षं त्यावर चाललं.

आता अडचण अशी की कच्चा माल वर्षभरात चढत गेला. तेल, शेंगदाणा, लसूण सगळं मिळून तयार भडंग किलोला १०० ला पडत होतं ते १२२ वर गेलंय. पाकिटामागं बाकीचा खर्च रोल (पिशवीचं छापील प्लॅस्टिक) आणि बॉक्स ७५ पैसे, मजुरी-गॅस ९० पैसे, गाडी ४० पैसे. दुकानदार १० मागं २ रुपये ठेवतो, डिस्ट्रिब्युटर ६० पैसे. आम्ही जीएसटीच्या कंपोझिशनमध्ये आहोत, म्हणजे छोट्या धंद्यांची योजना, विक्रीवर सरळ १ टक्का भरायचा.

आणि नेमकं ह्याच वेळेला सप्टेंबर २०२५ ला जीएसटी कमी झाला तेव्हा मोठ्या कंपन्यांनी १० च्या पाकिटात माल वाढवला. मागच्या आठवड्यात शिरोळच्या एका दुकानदारानं त्यांचं पाकीट एका हातात आणि आमचं दुसऱ्या हातात धरलं आणि मला म्हणाला, ताई, तुम्हीच धरून बघा. मी धरलं. काय बोलणार, खरंच हलकं लागत होतं आमचं, आणि मी तर तिथं आमचे ग्रॅम कमी करायचं बोलायला गेले होते.

काका म्हणतात १२ रुपये करा, माल तेवढाच ठेवा, प्रामाणिकपणे सांगा महागाई आहे. भाऊ म्हणतो ३५ ग्रॅम करा आणि पाऊच भरायचं ऑटोमॅटिक मशीन घ्या, बायका निम्म्या लागतील. पप्पा म्हणतात काहीच बदलू नका, तेल उतरेल, पूर्वीही उतरलंय. मला तिघांचंही थोडं थोडं पटतं आणि म्हणूनच ठरवता येत नाहीये. कुणी ह्या धंद्यात असेल तर सांगा प्लीज.

लडीवाला_इचलकरंजी

ताई मी अठरा वर्षं फरसाण आणि बिस्किटाची एजन्सी चालवतोय त्यामुळं दुकानाच्या बाजूनं सांगतो. १२ रुपये करू नका. का ते सांगतो. १० चं पाकीट कोण घेतंय बघा, शाळेतलं पोरगं घेतंय, सूतगिरणीतनं सुटलेला कामगार चहाबरोबर घेतोय, एसटीत बसायच्या आधी बाई पोराला घेऊन देतीय. त्यांच्या हातात १० ची नोट नाहीतर नाणं असतंय आणि ते नाणं म्हणजेच तुमची किंमत, ती तुम्ही ठरवलेली नाही आणि तुम्हाला बदलताही येत नाही. १२ केलं की २ रुपये सुट्टे कुठनं आणायचे, मग दुकानदार ८ रुपये परत देताना एक चॉकलेट ठेवतोय, गिऱ्हाईक वैतागतंय, आणि दुसऱ्या दिवशी दुकानदार तुमची लडी मागं आणि दुसऱ्याची पुढं लावतोय. त्याला तुमच्या मालाशी वैर नाही, त्याला गर्दीच्या वेळेला सुट्ट्याची कटकट नको असतीय. आता सगळीकडं स्कॅन करून पैसे देतात हे खरं, पण शाळेतल्या पोराकडं आणि गिरणीच्या गेटवर अजून नाणंच चालतंय.

पार्ले-जी बघा की. कित्येक वर्षं ४ रुपयाला होता, मग ५ झाला, आणि एवढ्या वर्षात पुडा १०० ग्रॅमवरनं उतरत उतरत ५५ च्या आसपास आला. किंमत एकदा हलली आणि ग्रॅम कितीतरी वेळा हलले. बिस्किटात महाराष्ट्रातला जुना जाणता कारखाना, १९२९ ला पार्ल्यात सुरू झालेला, त्यांना १ रुपया वाढवायला एवढा विचार करायला लागला तर आपण २ रुपये एकदम कशाला वाढवायचे.

मोठ्या कंपन्यांनी सप्टेंबरात माल का वाढवला त्याचंही कारण हेच आहे. फरसाणावरचा कर १२ चा ५ झाला, म्हणजे १० चं पाकीट हिशोबानं सव्वानऊ-साडेनऊला यायला पाहिजे होतं. सव्वानऊ रुपये कोण देणार आणि कोण घेणार? म्हणून किंमत तिथंच आणि माल जास्त. तुमची गोष्ट त्याच्या बरोबर उलटी, किंमत तिथंच आणि माल कमी.

कॉस्टिंग_पुणे

मी कॉस्ट अकाउंटंट आहे, छोट्या फूड युनिट्सची कामं करतो. ताईंनी आकडे दिलेत हे फार बरं केलं, बहुतेक लोक देतच नाहीत. आधी ते मांडू.

१० मधले दुकानदाराचे २ आणि डिस्ट्रिब्युटरचे ६० पैसे गेले की तुमच्या हातात ७.४० येतात. कंपोझिशनचा १ टक्का म्हणजे ७ पैसे, राहिले ७.३३. पूर्वी माल ४ रुपयांचा आणि बाकी खर्च २.०५, एकूण ६.०५, म्हणजे पाकिटामागे १.२८ उरत होते. आज माल ४.८८ चा, एकूण ६.९३, उरतात फक्त ४० पैसे. ह्यातच परत आलेली पाकिटं, उधारी बुडणं, कर्जाचं व्याज. म्हणजे पप्पा म्हणतात तसं थांबायचं तर किती महिने थांबू शकता ते आधी बघा. तेल उतरतं हे खरं आहे पण ते आपल्या हातात नाही, सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरची आयात ड्युटी एका रात्रीत सेस धरून ५.५ टक्क्यांची २७.५ झाली आणि मे २०२५ च्या शेवटी ती १६.५ वर आणली. अशा गोष्टीची वाट बघत पाकीट विकणं हा प्लॅन नाही.

३५ ग्रॅम केलं तर माल ४.२७ चा, एकूण ६.३२, उरतात १.०१.

१२ रुपये आणि ४० ग्रॅम केलं तर दुकानदार त्याचे २० टक्के म्हणजे २.४० घेईल, डिस्ट्रिब्युटर त्याच प्रमाणात ७२ पैसे, कर ९ पैसे, तुमच्याकडे ८.७९ आणि उरतात १.८६. कागदावर काका बरोबर आहेत! १०० ऐवजी ५५ पाकिटं गेली तरी ३५ ग्रॅमवाल्याएवढेच पैसे सुटतात. पण इथेच बरेच लोक फसतात. पाकिटं कमी गेली म्हणून नऊ बायकांचा पगार कमी होत नाही, छोटा हत्ती त्याच रस्त्यानं तेवढंच डिझेल खातो. मजुरी-गॅस-गाडीचे १.३० हे बऱ्यापैकी पक्के खर्च आहेत असं धरलं तर हिशोब बदलतो, १०० मधली ७४ पाकिटं तरी टिकली पाहिजेत, त्याखाली गेलं की १२ चा निर्णय तोट्यात. आता लडीवाले दादा म्हणताहेत त्यावरून मला तरी ७४ टिकतील असं वाटत नाही, पण हे माझं मत, तुम्ही दहा दुकानांत महिनाभर करून बघू शकता, त्याला फार पैसे लागत नाहीत.

पप्पांची रीत चुकीची आहे असं मात्र मी म्हणणार नाही. ऑक्सफर्डमध्ये हॉल आणि हिच नावाच्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९३९ मध्ये कारखानदारांना जाऊन विचारलं होतं की तुम्ही भाव कसा काढता, तेव्हा बहुतेकांनी हेच सांगितलं, एकूण खर्च अधिक थोडा नफा. त्यांनी हेही सांगितलं की आम्ही वाढवला तर शेजारचा वाढवणार नाही ही भीती असते म्हणून भाव सारखा हलवत नाही. तुमच्या पप्पांचं अगदी तेच आहे. फक्त ही रीत चालते कुठे, जिथे गिऱ्हाईक किंमत बघून घेतं आणि दोन-चार रुपयांनी बिचकत नाही तिथे. नाण्यावर विकायच्या पाकिटाला ती उलटी लावावी लागते. आधी १०, त्यातून मधल्यांचे पैसे वजा, त्यातून पक्के खर्च वजा, आणि उरलेल्यात किती ग्रॅम बसतात ते शेवटी.

म्हणून माझा सल्ला, दोन मापांना दोन नियम लावा. १० च्या पाकिटात किंमत पक्की, ग्रॅम हलणार. अर्धा किलोत ग्रॅम पक्के, किंमत हलणार. अर्धा किलो कोण नेतं, पुण्या-मुंबईला निघालेला माणूस नेतो, पाहुण्यांकडे न्यायला नेतो, तो १२० चे १३५ झाले म्हणून मागे ठेवणार नाही. आणि हो, १३५ च करा, १३१ नाही. अर्ध्या किलोला माल ११ रुपयांनी महागला म्हणून एमआरपी ११ नं वाढवली तर तुम्हाला ११ मिळत नाहीत, मधल्या दोघांची टक्केवारी एमआरपीवर बसते, शंभरातले ७४ तुमच्याकडे येतात. ११ हातात यायला १५ वाढवावे लागतात. ही चूक मी इतक्या वेळा बघितलीये की काय सांगू, चांगली चालणारी युनिट्स ह्यात हळूहळू वाळत जातात आणि मालकाला वाटतं आपण तर भाव वाढवला होता.

ग्रॅम बदललं की रोलवरचं निव्वळ वजन बदलायलाच पाहिजे, जुना रोल संपवू या म्हणून ४० छापलेल्या पाकिटात ३५ भरू नका, वैध मापन शास्त्रवाले (सरकारचे वजनमाप तपासणारे) पहिल्यांदा तेच वजन करतात. शिवाय आता ग्रॅममागे किती पैसे तेही छापावं लागतं, ते २५ पैशाचं २९ होईल. रोल छापायचा सिलेंडर बदलायचा खर्च आणि शिल्लक रोल किती ह्यावर तारीख ठरवा.

भडंगवाली_जयसिंगपूर

बापरे, अर्धा किलोचं ११ आणि १५ चं आम्ही खरंच चुकवलं होतं, मागच्या वर्षी ५ रुपये वाढवले होते आणि मला वाटलं होतं ५ मिळाले. थँक यू. कंपोझिशनबद्दल पण सांगाल का, निपाणीचा एक जण कधीपासून माल मागतोय पण आमचे सीए म्हणाले देता येणार नाही.

कॉस्टिंग_पुणे

सीए बरोबर सांगताहेत. कंपोझिशनमध्ये राज्याबाहेर विक्री करता येत नाही आणि निपाणी कर्नाटकात. तुमच्या दारापासून तासाभरावरचं गिऱ्हाईक, भडंग म्हणजे काय हे त्याला समजावून सांगावं लागत नाही, पण मध्ये राज्याची हद्द आहे. कर कमी झाल्याचा थेट फायदाही म्हणूनच तुम्हाला मिळाला नाही, तुम्ही १२ भरतच नव्हता.

पण आता गणित परत मांडून बघा. कर १२ होता तेव्हा रेग्युलरमध्ये, म्हणजे नेहमीच्या जीएसटीत, गेलं तर ७.४० मधले ७९ पैसे निघायचे, परवडणं शक्यच नव्हतं. आता ५ वर ते ३५ पैसे होतात, आणि त्यातून रोलवर भरलेला १८ टक्के आणि तेलावरचा ५ टक्के वजा मिळतो. साधारण अंदाजानं पाकिटामागे निव्वळ दहा-पंधरा पैसे भरावे लागतील, आज ७ भरता. म्हणजे तीन ते आठ पैसे जास्त भरून निपाणी, चिकोडी, बेळगाव उघडतं. रिटर्न भरायचं काम वाढेल, बिलं नीट ठेवावी लागतील. सीएंबरोबर तुमच्या खऱ्या बिलांवर बसून करा हे, माझा आकडा अंदाजाचा आहे.

कराड_बेकरी

मी थोडा वेगळा बोलणार आहे. ग्रॅम कमी करा पण लपवून करू नका. आमची बेकरी आहे, २०२२ ला मैदा आणि तूप वाढलं तेव्हा टोस्टच्या पुड्यात १२ असायचे ते आम्ही १० केले, पुडा तेवढाच ठेवला, छापलेलं वजन बदललं होतं, कायद्यानं सगळं बरोबर, पण कुणाला सांगितलं नाही. आठ दिवसांनी एक आजी आल्या, रोजच्या गिऱ्हाईक, पुडा काउंटरवर उघडला आणि एक एक टोस्ट बाहेर काढून मोजले माझ्यासमोर. दहा. म्हणाल्या, अरे दोन दिवस पुरायचे म्हणून मी घेते, सकाळी तीन आणि संध्याकाळी तीन, आता दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी एकच खाऊ का. मला तिथं तोंड वर करता येईना. त्या ओरडल्या असत्या तरी चाललं असतं.

मग आम्ही १२ चा पुडा ५ रुपये वाढवून परत आणला आणि १० चा छोटा पुडा वेगळ्या रंगात ठेवला, दोन्ही चालतात. तुमचे चिरमुरे कुणी मोजणार नाही पण फुगवलेली पिशवी आणि आत तळाला माल हे माणसाला फार लागतं. ३५ ग्रॅम कराल तर पिशवीही तेवढी लहान करा, आणि शेंगदाणा कमी करू नका, चिरमुरे कमी करा. लोक भडंगात शेंगदाणा आणि लसणाची पाकळी शोधतात, ती मिळाली की पाकीट लहान असलं तरी मन भरतं.

नवरंगपुरा_मराठी

मी तीस वर्षं अहमदाबादला आहे. इथं निरमाची गोष्ट सगळ्यांना पाठ. करसनभाई पटेलांनी १९६९ ला घराच्या मागं पावडर बनवली आणि सायकलवरून ३ रुपये किलोनं विकली तेव्हा सर्फ त्याच्या चौपट महाग होता. मोठी कंपनी आधी दुर्लक्ष करत राहिली, तो आपला गिऱ्हाईक नाही म्हणत. नंतर जाग आल्यावर त्यांनी काय केलं हे तुमच्या कामाचं आहे. त्यांनी सर्फ स्वस्त केला नाही. ८० च्या दशकाच्या शेवटी व्हील नावाची वेगळी पावडर आणली, आणि तिच्यासाठी कारखाने, माल पोचवायची रीत, खर्चाची शिस्त सगळंच वेगळं लावलं, कारण सर्फ बनवायच्या पद्धतीनं व्हील त्या किमतीत बसलाच नसता.

तुम्ही उलट्या जागेवर आहात, तुमचं पाकीट चांगलं आणि समोरचं जड. वजनात त्यांच्या मागं धावू नका. अगदीच वाटलं तर ५ रुपयाचं साध्या चिवड्याचं वेगळ्या नावाचं पाकीट काढा पण भडंगाच्या नावाखाली हलका माल घालू नका.

गिरगावची_लेक

मला भावाच्या मशीनबद्दल लिहायचंय कारण त्यावर कुणीच बोललं नाही.

माझी आई बावीस वर्षं लिज्जत पापडची बहीण होती, तिथं काम करणाऱ्या बायकांना बहीण म्हणतात. लोकांना पापड माहीत असतो, ते काम कसं चालतं ते फार कमी जणांना माहीत असतं. १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर सुरू केलं, आज सुमारे ४५ हजार बायका आहेत आणि तरी पापड हातानं लाटला जातो. मग खर्च कसा बसतो? आई पहाटे उठून शाखेत जायची, आदल्या दिवशीचे पापड डब्यात, ते तपासून वजन करून घ्यायचे, वणाईचे म्हणजे लाटायचे पैसे मिळायचे आणि नवीन लाटी घेऊन घरी. पीठ शाखेतच मळलेलं, सगळीकडे एकाच चवीचं. म्हणजे जे चुकलं तर चव जाईल ते त्यांनी एका जागी आणि स्वतःच्या हातात ठेवलं, आणि ज्याला जागा आणि हात लागतात ते घराघरात वाटून दिलं. लाटायला शेड नको, भाडं नको, लाइटबिल नको. आणि प्रत्येक बहीण मालकीण, नफ्यात वाटा, म्हणून जाड-पातळ पापड परत आला तर आईला तो स्वतःचा कमीपणा वाटायचा. मी लहान असताना एकदा पावसात पापड नीट सुकले नव्हते, आईनं ते नेलेच नाहीत, त्या दिवशीचे पैसे सोडले. घरात तेव्हा पैशाची चणचण होती, मला आठवतंय.

ताई तुमच्या नऊ जणींकडे ह्या नजरेनं बघा. मशीन हा एकच मार्ग नाही. त्या काय काय करतात ते वेगळं लिहून काढा, लसूण सोलणं, शेंगदाणा निवडणं, भरणं, सील करणं, बॉक्स लावणं. लसूण सोलणं घरी देता येईल का किलोवर? सील करायला मशीन घ्या पण भरायला नको, असं करता येईल का? हे मी वाऱ्यावर सांगत नाहीये, आईच्या हातावर आमची शिक्षणं झाली.

लडीवाला_इचलकरंजी

गिरगावच्या ताईंनी बोललं ते सोळा आणे खरं. आणि मशीनबद्दल एक सांगतो, आमच्याकडं एका कारखान्याचा माल येत होता, मशीननं भरलेला. चिरमुरे हलके आणि शेंगदाणा जड, मशीनमधल्या मापात माल हलतोय तसा दाणा खाली बसतोय, मग एका पाकिटात नुसता दाणा आणि दुसऱ्यात नुसते चिरमुरे. दुकानदार लडीच्या लडी परत करायला लागले. महागाची मशीनं वजनावर भरतात त्यात हा त्रास कमी असतोय पण ती तुमच्या एवढ्या मालाला परवडतील का ते बघायला पाहिजे. बायका मुठीनं दाणा घालतात ते मशीनला येत नाही.

पावसाळ्याचाही विचार करा. जून ते सप्टेंबर माल सादळतोय, परतीची पाकिटं वाढतात. सीलिंग चांगलं झालं तर तिथं वाचणारे पैसे ग्रॅमपेक्षा जास्त असतील. परतीचा हिशोब ठेवता का?

कॉस्टिंग_पुणे

परतीचं मी विचारायचं विसरलो, दादांनी बरोबर पकडलं. आणि लिज्जतचं उदाहरण फार नेमकं आहे. रोनाल्ड कोस नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं १९३७ मध्ये एक साधा प्रश्न विचारला होता, बाजारात सगळं विकत मिळतं तर कंपनी मुळात लागतेच कशाला? त्याचं उत्तर असं की प्रत्येक गोष्ट बाहेरून घ्यायची म्हटलं तर शोधा, भाव करा, तपासा, भांडा, ह्या सगळ्याचाही खर्च असतो, तो खर्च आत करण्याच्या खर्चापेक्षा जास्त झाला की माणूस ते काम आपल्या छपराखाली आणतो. त्याला पुढे १९९१ ला नोबेल मिळालं. तुमच्याकडे कढई आत राहिलीच पाहिजे. लसूण बाहेर जाऊ शकतो, सोललेला लसूण तपासायला दोन मिनिटं लागतात. गाडीचं मात्र बघा, ४० पैसे कमी नाहीत, शिरोळ-कुरुंदवाड स्वतः आणि लांबचं डिस्ट्रिब्युटरच्या गाडीनं असं होईल का.

मोठ्या दुकानसाखळ्यांना माल देणार असाल तर उद्यम नोंदणी करून घ्या. सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असा कायदा आहे, आणि ते वेळेत दिले नाहीत तर घेणाऱ्याला तो खर्च पैसे प्रत्यक्ष दिले त्या वर्षीच इन्कम टॅक्समध्ये धरता येतो, त्यामुळे आता अकाउंटवाले स्वतःहून नोंदणी आहे का विचारतात.

नवरंगपुरा_मराठी

१० च्या नाण्यावरून एक आठवलं म्हणून लिहितो. अमेरिकेत कोका-कोला १८८६ पासून जवळजवळ सत्तर वर्षं ५ सेंटला होता. एक कारण म्हणजे विकायची मशीनं फक्त ५ सेंटचं नाणं घ्यायची, त्याच्या वर सरळ १० सेंटचं, म्हणजे एकदम दुप्पट. १९५३ मध्ये कंपनीनं सरकारला विनंती केली होती की साडेसात सेंटचं नाणं काढा! सरकारनं काढलं नाही. लडीवाले दादांना हे आवडेल.

भडंगवाली_जयसिंगपूर

सगळ्यांचे मनापासून आभार. मी तीन आठवडे गप्प होते कारण घरी हे सगळं करून बघत होतो.

परतीचा हिशोब आम्ही ठेवतच नव्हतो, डिस्ट्रिब्युटर बिलातून वजा करायचा आणि आम्ही मान हलवायचो. मागची बिलं काढून बसले तर पावसाळ्यातल्या चार महिन्यांत शंभरातली सात पाकिटं परत आलीत. सात! पप्पांना दाखवलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग उठले आणि जुन्या हाताच्या सीलरवर स्वतः दहा पाकिटं सील करून पाण्याच्या बादलीत बुडवून बघितली. तीन पाकिटांतून बुडबुडे आले. सीलिंगचं मशीन घ्यायचं पप्पांनीच ठरवलं, भरायचं मात्र बायकाच भरणार, भावालाही ते पटलं.

रविवारी सगळ्यांनी मिळून ३५, ३६, ३८ ची पाकिटं भरून बघितली, लहान पिशवीत, दाणा तेवढाच ठेवून. कडेला बसलेल्या आमच्या सगळ्यात जुन्या मावशी, पहिल्या दिवसापासून आहेत त्या, त्यांनी डोळे मिटून एक एक हातात घेतलं आणि ३६ चं बाजूला काढून ठेवलं, म्हणाल्या ह्याच्या खाली जाऊ नका, मुठीत पोकळ लागतंय. ३६ ला आमच्याकडं ८९ पैसे उरतात, ३५ ला १.०१. पप्पा ३६ म्हणतात, मी सुद्धा. पाकिटावर मागे "आता ३६ ग्रॅम" असं मोठ्या अक्षरात छापायचं काकांनी सांगितलंय, ती त्यांची अट आहे आणि मला ती आवडली.

अर्धा किलो पहिल्या तारखेपासून १३५ केलं, स्टँडजवळच्या दुकानात एकानंही विचारलं नाही. लसूण दोघी जणी घरी सोलून आणतात, किलोवर, कढईजवळची गर्दी कमी झाली. कंपोझिशनचं सीएंकडे कागद दिलेत, नवीन वर्ष एप्रिलपासून, तेव्हा बदलायचं म्हणाले.

जुन्या ४० च्या रोलमधले अजून दीड महिना पुरतील एवढे शिल्लक आहेत, ते ४० भरूनच संपवतोय. कराडच्या दादांना विचारायचं होतं, लहान पिशवीला रंग तोच ठेवू की बदलू? रोलवाला सोमवारी नमुना मागतोय.

कराड_बेकरी

रंग तोच, पण वरची पट्टी बदला. लांबून ओळखू आलं पाहिजे की तुमचंच आहे, आणि हातात घेतल्यावर कळलं पाहिजे की बदललंय. नमुना आला की लडीत लावून दुकानाच्या दारातून बघा, टेबलावर ठेवून नका बघू.